भाषांतरित इशाऱ्यावर सही कोणाची? : हवामान संस्थांना खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय हवामान संस्थांचे आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांचे प्रमुख,
तसेच त्यांच्यासाठी यांत्रिक भाषांतराच्या प्रणाली तयार करणारे अभियंते

विषय : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने होणाऱ्या हवामान इशाऱ्यांच्या भाषांतराची जबाबदारी निश्चित करण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

वादळ, अतिवृष्टी, पूर किंवा उष्णतेच्या लाटेचे इशारे एकाच वेळी अनेक भाषांत देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. काही संस्थांनी तिचा वापर सुरू केला आहे, काही चाचपणी करत आहेत, आणि ज्यांनी अजून काहीच केलेले नाही त्यांच्या टेबलावरही असे प्रस्ताव येऊन पडले असतील. मी व्यवसायाने भाषांतरकार आहे. तरीही यंत्राला दारातच अडवावे असा माझा आग्रह नाही, कारण रात्री-अपरात्री वीस भाषांत मजकूर तयार करायला पुरतील एवढी माणसे कोणत्याच संस्थेकडे नाहीत आणि पुढेही नसतील. माझे म्हणणे वेगळे आहे. तुमच्या कार्यालयाच्या दृष्टीने भाषांतर ही मूळ इशाऱ्याची प्रत असेल, पण ज्याला मूळ भाषा येत नाही त्याच्यासाठी तोच एकमेव इशारा असतो; म्हणून त्यावर मूळ इशाऱ्याइतकीच तुमची सही असली पाहिजे. ‘हे भाषांतर यंत्राने केले आहे, अचूकतेची हमी नाही’ अशी ओळ खाली छापून ती सही टाळता येणार नाही.

इशारा न समजल्याने काय होते, याचे दाखले जुने आहेत. २२ मे १९८७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात सारागोसा या छोट्याशा गावावर टोर्नेडो आदळला आणि ३० माणसे दगावली. त्यांतली बहुसंख्य लहान मुलांच्या एका समारंभासाठी सभागृहात जमलेली होती. वस्ती मुख्यतः स्पॅनिश बोलणारी होती. इशारा निघाला होता, पण स्पॅनिश माध्यमांतून तो या लोकांपर्यंत धड पोहोचलाच नाही. त्यानंतर तीन दशके उलटून गेल्यावर, १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री, ‘आयडा’ चक्रीवादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्क शहरात प्रचंड पाऊस पाडला. तळघरातल्या खोल्यांत पाणी शिरून मेलेल्यांत आशियातून आलेले स्थलांतरित बरेच होते, आणि हवामान सेवेचे मोबाइलवरचे इशारे इंग्रजी व स्पॅनिश या दोनच भाषांत होते. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादी लेटिशिया जेम्स यांनी राष्ट्रीय हवामान सेवेकडे आणखी भाषांची मागणी केली. इथे भाषा हे एकमेव कारण नव्हते, हे मान्य करायला हवे. माणसांना तळघरात राहावे लागते हे त्याहून मोठे कारण होते. पण घरे बांधणे हवामान संस्थेच्या हातात नसते, भाषा असते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये केंटकी राज्यात टोर्नेडोंचे थैमान चालू असताना एका स्पॅनिशभाषक कुटुंबाने इंग्रजी इशाऱ्याकडे काणाडोळा केला आणि तोच इशारा स्पॅनिशमध्ये येताच लगोलग आसरा घेतला, असे संशोधक जोसेफ ट्रुहियो-फाल्कॉन यांनी नंतर सांगितले आहे.

आता यंत्राकडे वळतो. यांत्रिक भाषांतराच्या इतिहासातले पहिले खणखणीत यश हवामानाच्याच वृत्तांतले आहे, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. कॅनडात हवामानाचे वृत्त इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत द्यावे लागते. माँट्रियल विद्यापीठात आकाराला आलेली ‘मेतेओ’ ही प्रणाली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम करू लागली आणि तिचे पुढचे अवतार २००१ पर्यंत रोजच्या वापरात होते. त्या काळच्या संगणकांची ताकद लक्षात घेतली तर हे अचंबित करणारे आहे. पण त्यामागची युक्ती साधी होती. हवामान वृत्ताची भाषा आटोपशीर असते, तिचा शब्दसंग्रह मोजका असतो, वाक्ये तुटक आणि ठरावीक घडणीची असतात, आणि प्रणाली नेमक्या तेवढ्याच भाषेसाठी बांधलेली होती. तिचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण मात्र वेगळा आहे. जे वाक्य तिच्या नियमांत बसत नसे त्याचे ती ओढूनताणून काहीतरी करत नसे. ते तसेच्या तसे मानवी भाषांतरकाराकडे पाठवून देत असे.

आजच्या प्रणालींनी त्या जुन्या यंत्राला सर्वच बाबतींत मागे टाकले आहे, फक्त ही एक शहाणीव सोडून. त्यांना काहीही द्या, त्या उत्तर देतातच. शब्द अनोळखी असो, गावाचे नाव कधी न ऐकलेले असो, मूळ वाक्यच अर्धवट तुटलेले असो, समोरून ओघवता, व्याकरणशुद्ध, आत्मविश्वासाने भरलेला मजकूर येतो. पूर्वीच्या यंत्राची चूक वाचताक्षणी खटकायची, कारण वाक्यच लंगडे व्हायचे. आजची चूक नीटनेटके कपडे घालून येते आणि घाईत असलेल्या तपासनिसाच्या नजरेतून सहज सुटते.

ही भीती अमूर्त वाटू नये म्हणून एक उदाहरण जरा बारकाईने पाहू. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे ‘व्हेरी हेवी’ आणि त्यापुढचा ‘एक्स्ट्रीमली हेवी’. दिसायला ही विशेषणे आहेत. प्रत्यक्षात ती आकड्यांच्या तीन पट्ट्यांची नावे आहेत आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. मराठीत पावसासाठी शब्दांची कमतरता नाही : जोरदार, मुसळधार, धुवाधार, अतिमुसळधार, अतिवृष्टी. बहुभाषिक मजकुरावर पोसलेले यंत्र यांतला कोणताही उचलेल, आज एक आणि उद्या दुसरा, आणि दोन्ही दिवशी वाक्य वाचायला उत्तमच लागेल. समजा त्याने ‘एक्स्ट्रीमली हेवी’साठी ‘अतिवृष्टी’ हा शब्द निवडला. महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनात अतिवृष्टीचा उंबरठा २४ तासांत ६५ मिलिमीटर असा धरला जातो. म्हणजे कोशात शोभणारा, कानाला भारदस्त वाटणारा शब्द वापरून यंत्राने सर्वांत वरच्या पट्टीचा इशारा सर्वांत खालच्या पट्टीत आणून ठेवला. यात भाषेची चूक एकही नाही. मराठीच्या कोणत्याही परीक्षकाने या वाक्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

वेळेचेही तसेच आहे. अमुक वेळेच्या आत आणि अमुक वेळ होईस्तोवर, या दोन गोष्टी इंग्रजी दोन वेगळ्या शब्दांनी सांगते. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’ चालून जाते. ‘नदीची पातळी सहापर्यंत वाढेल’ या वाक्यावरून सहा वाजता धोका टोकाला पोहोचणार की सहानंतर ओसरू लागणार, हे ठामपणे सांगता येत नाही. हिंदीतून दुसऱ्या भाषेत जाताना ‘कल’ हा शब्द उद्या व्हायचा की काल, हे एरवी संदर्भावरून कळते, पण इशाऱ्यात कधी कधी संदर्भच चार शब्दांचा असतो. शिवाय ‘आज रात्री’, ‘उद्या पहाटे’ असले सापेक्ष शब्द संदेश उशिरा पोहोचला की आपोआप खोटे ठरतात, आणि भाषांतराच्या साखळीत उशीर हा गृहीतच धरायला हवा. ‘ध’चा ‘मा’ होण्यासाठी आनंदीबाईंच्या काळात निदान कोणाला तरी लेखणी उचलावी लागली होती. इथे कोणाचाच वाईट हेतू नसताना तो होतो.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की इशाऱ्याचा जो भाग चुकला तर जीव जाऊ शकतो तो भाग भाषांतरासाठी यंत्राच्या हाती देऊच नये. संकटाचा प्रकार, तीव्रता, ठिकाण, तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, आकडे आणि ‘काय करावे’ हे सांगणारे वाक्य, एवढे घटक वाक्यांतून बाहेर काढून रकान्यांत ठेवता येतात. हे मी स्वप्नरंजन करत नाही. ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण दोन दशकांपूर्वीच तयार झाले आहे आणि तुमच्यापैकी अनेकजण ते आजही वापरतात. त्यात तातडी, तीव्रता आणि खात्री यांसाठी वेगवेगळे रकाने आहेत, प्रत्येक रकान्यात पाचच ठरलेले पर्याय आहेत, आणि एकाच इशाऱ्यात अनेक भाषांचे स्वतंत्र विभाग, प्रत्येकाच्या भाषेच्या संकेतांकासह, जोडण्याची सोय आहे. तीन रकाने, प्रत्येकी पाच पर्याय : पंधरा नोंदी. त्यांत संकटांच्या प्रकारांची काही डझन नावे आणि सूचनांची काही डझन वाक्ये मिळवा. एवढा मजकूर प्रत्येक भाषेत एकदाच, शांतपणे, ती भाषा बोलणाऱ्या माणसांबरोबर बसून पक्का करता येतो, आणि मग प्रत्यक्ष संकटाच्या क्षणी भाषांतर करावेच लागत नाही. रकाने भरले की वीस भाषांतले इशारे एकदम तयार होतात. ज्या टोर्नेडोच्या इशाऱ्यातून माणसाला कशीबशी दहा-बारा मिनिटे हाताशी मिळतात, तिथे याहून वेगळा मार्ग मला तरी दिसत नाही. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २०२३ मध्ये मोबाइल इशाऱ्यांसाठी इंग्रजीशिवाय आणखी १३ भाषांत तयार साचे करण्याचा जो निर्णय घेतला, त्यामागचा विचार हाच आहे. साचे रूक्ष वाटतात, अशी तक्रार होते. इशारा रूक्षच असावा.

मग यंत्राला काम काय उरले, असे अभियंते विचारतील. भरपूर उरले. चक्रीवादळ किनाऱ्यापासून दोन दिवस दूर असताना निघणारी सविस्तर पत्रके, अपेक्षित परिणामांचे वर्णन, धरणातून होणाऱ्या विसर्गाविषयीचे खुलासे, शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना दिले जाणारे सल्ले, नागरिकांच्या प्रश्नांची उत्तरे, हा सगळा मजकूर लांब असतो, रोज बदलतो, आणि साच्यात मावत नाही. तिथे यंत्राची घाई उपयोगी पडते आणि माणसाला तपासायला वेळही मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने २०२३ मध्ये जेव्हा आपला यांत्रिक भाषांतराचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा भाषांतराला लागणारा वेळ एका तासावरून दहा मिनिटांवर आल्याचे सांगितले होते. त्याआधी स्पॅनिश जाणणारे पूर्वानुमानकारच हाताने भाषांतर करत, म्हणजे वादळ अंगावर येत असताना ढगांकडे बघायचे सोडून शब्द जुळवत बसत. तो तास त्यांना परत मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. त्या प्रकल्पात पूर्वानुमानकारांनीच प्रणालीला हवामानाची परिभाषा शिकवण्याचे काम केले, हेही मला योग्य वाटते.

पण त्याच प्रकल्पाचे पुढे जे झाले, त्यावरून माझी दुसरी विनंती निघते. एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला भाषांतर पुरवणाऱ्या कंपनीबरोबरच्या कराराची मुदत संपली आणि स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामी, फ्रेंच आणि सामोअन या भाषांतली सेवा थांबली. त्या महिन्याच्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली. दरम्यान हवामान थांबलेले नव्हते. एखादी सेवा कधीच नसणे आणि लोकांना तिची सवय लागल्यावर ती गुपचूप बंद होणे, यांत दुसरे अधिक धोक्याचे आहे. कारण आपल्या भाषेत इशारा आला नाही म्हणजे धोका नाही, असे लोक समजून चालतात. मूळ भाषेतला इशारा करार संपला म्हणून बंद ठेवण्याची कल्पनाही तुम्ही करणार नाही. इतर भाषांतला इशारा जर खरोखर तुमचाच असेल, तर त्यालाही हाच नियम लागू करा. पुरवठादार बदलला तरी सेवा अखंड चालेल अशी अट करारात घाला, आणि शब्दसूची, साचे, तपासून पक्की केलेली भाषांतरे यांची मालकी कंपनीकडे न ठेवता संस्थेकडे ठेवा. त्याही पुढे जाऊन मी म्हणेन की त्या सूची जाहीर करा. जपानच्या हवामान संस्थेने आपत्तीविषयक संज्ञांचा बहुभाषिक कोश तयार करून तो सर्वांच्या वापरासाठी खुला ठेवला आहे, त्यामुळे वृत्तवाहिनी, पालिका आणि मोबाइल ॲप बनवणारा या सर्वांना एकच शब्द वापरता येतो. तीन ठिकाणी तीन शब्द ऐकू आले की माणूस त्यांतला सर्वांत सौम्य शब्द खरा धरतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे सर्वांत जास्त धूळफेक होते. विक्रेते तुमच्यापुढे अचूकतेची टक्केवारी ठेवतील. ती टक्केवारी बहुधा अशा पद्धतीने काढलेली असते, की यंत्राचे वाक्य आणि माणसाने केलेले नमुना वाक्य यांतले शब्द किंवा अर्थ किती जुळतात हे मोजायचे आणि हजारो वाक्यांची सरासरी घ्यायची. संशोधनासाठी ती पद्धत ठीक आहे. पण ‘पूल ओलांडू नका’ यातला ‘नका’ गळला, तर असल्या मोजणीत जेमतेम एका शब्दाचा तोटा दिसतो, आणि ‘मुसळधार’च्या जागी ‘जोरदार’ आले तर तेवढाच. सरासरीला दोन्ही चुका सारख्याच. तुम्ही सरासरी विचारू नका. वाईटात वाईट काय घडले ते विचारा. नकार किती वेळा हरवला, आकडा किती वेळा बदलला, गावाच्या नावाचे किती वेळा भाषांतर झाले (विशेषनामाचाही शब्दशः अर्थ लावण्याची हौस यंत्राला असते), एका पट्टीचा इशारा किती वेळा दुसऱ्या पट्टीत गेला, याची वेगळी मोजणी मागा आणि ती जाहीर करा.

आणि खरी परीक्षा कागदावर होतच नाही. ती भाषा बोलणाऱ्या, पण हवामानशास्त्राशी संबंध नसलेल्या माणसांना इशारा ऐकवावा आणि ‘भाषांतर कसे वाटले?’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय कराल? केव्हा? कुठे जाल?’ असे विचारावे. उत्तर देताना माणूस अडखळला तर वाक्य बदलावे. हे काम वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या किंवा वादळांच्या हंगामाच्या आधी, रंगीत तालमीसारखे करता येईल आणि त्याला फार पैसाही लागत नाही. ‘ऐकवावा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. बोलीभाषा अस्खलित बोलणाऱ्या पण न वाचणाऱ्या माणसांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी यंत्राने इशारा मोठ्याने वाचून दाखवणे हा उत्तम उपाय आहे. मात्र ‘ताशी ९०-१०० किमी’ हे वाचताना ते ‘नव्वद ते शंभर किलोमीटर’ म्हणते की ‘नव्वद वजा शंभर की मी’ म्हणते, हे कोणीतरी कान देऊन ऐकलेले असले पाहिजे.

लहान भाषांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. यंत्र ज्या मजकुरावर शिकते तो इंग्रजी, स्पॅनिश, चिनी यांत अमाप आहे; जगातल्या सुमारे सात हजार भाषांपैकी बहुतेकींत तो जवळजवळ नाहीच. नेमक्या याच भाषा बोलणारे लोक बहुधा नदीपात्रालगत, किनाऱ्यावर, डोंगरउतारावर राहतात. मार्च २०१९ मध्ये ‘इडाई’ चक्रीवादळ मोझांबिकमध्ये बैरा शहराजवळ धडकले. त्या देशाची अधिकृत भाषा पोर्तुगीज आहे, पण त्या भागातल्या घराघरांत ‘सेना’ आणि ‘न्दाउ’ या भाषा बोलल्या जातात. अशा भाषांत यंत्र चुकते तेव्हा ती चूक पकडणारे कार्यालयात कोणीच नसते. अलास्कात सप्टेंबर २०२२ मध्ये ‘मेरबोक’ वादळाच्या अवशेषांनी नुकसान केल्यानंतर संघीय मदतीची माहितीपत्रके युपिक आणि इनुपियाक भाषांत छापली गेली. ती लोकांच्या हाती पडली तेव्हा कळले की मजकुराला काही अर्थच नाही. त्यात पहाटे शिकारीला जाण्याविषयीची, अस्वलाविषयीची भलतीच वाक्ये होती. ते भाषांतर एका कंत्राटदार कंपनीने पुरवलेले होते. ते छापून वाटेपर्यंत सरकारी यंत्रणेत कोणाच्याच ध्यानात आले नाही. ती मदतीची पत्रके होती, इशारा नव्हता, एवढेच सुदैव. यात यंत्राला दोष द्यायचे कारण नाही. यंत्राशिवायही हे घडू शकते हेच मला दाखवायचे आहे. तपासायला माणूसच नसेल तर भाषांतर कोणी केले याने फरक पडत नाही.

तेव्हा अशा भाषांसाठी माझी विनंती तिसरी. जिथे तपासणारा भाषक उपलब्ध नाही तिथे यंत्राचे भाषांतर अधिकृत इशारा म्हणून पाठवू नका. त्याऐवजी आधी पक्के केलेले साचे, त्या समाजातल्या माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या सूचना, स्थानिक आकाशवाणी केंद्र, गावातले शिक्षक आणि आरोग्यसेविका हे मार्ग जुने असले तरी विश्वासाचे आहेत. आणि ज्यांना तपासायला बोलवाल त्यांना मानधन द्या. अल्पसंख्य भाषकांनी आपल्या भाषेच्या प्रेमापोटी सगळे फुकट करावे अशी अपेक्षा संस्था सर्रास ठेवतात. पूर्वानुमानाच्या रडारसाठी मात्र कोणी वर्गणीवर भागवत नाही. भाषांच्या संख्येची शर्यत लावू नका, हेही यातच आले. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या उपक्रमानुसार २०२७ अखेरपर्यंत पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेचे संरक्षण मिळायचे आहे. ही मुदत जवळ आली आहे आणि अहवालात ‘आम्ही पन्नास भाषांत इशारे देतो’ असे लिहिण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तपासलेल्या सात भाषा न तपासलेल्या पन्नासांपेक्षा जास्त माणसे वाचवतील, असे माझे मत आहे, आणि उरलेल्या त्रेचाळीसांचे नाव अहवालात ‘अजून बाकी’ या रकान्यात स्पष्ट लिहिलेले मला अधिक प्रामाणिक वाटेल.

अभियंत्यांनो, तुमच्यासाठी थोडे वेगळे. ‘मेतेओ’कडे असलेला तो नकार देण्याचा गुण आजच्या प्रणालींत पुन्हा आणणे हे तुमचे काम आहे. मूळ मजकुरातले आकडे, वेळा आणि ठिकाणे भाषांतरात जशीच्या तशी आली आहेत का, हे तपासणारा साधा कार्यक्रम लिहिता येतो; त्याला कसल्याही बुद्धिमत्तेची गरज नाही. ठरलेल्या शब्दसूचीतला शब्द सोडून दुसरा शब्द आला तर वाक्य अडवता येते. नकार मूळात आहे आणि भाषांतरात नाही, असे दिसले तर तांबडा दिवा लावता येतो. असा मजकूर पुढे न जाता माणसाकडे गेला पाहिजे, आणि माणूस ठरावीक मिनिटांत उपलब्ध नसेल तर फक्त साच्यातला संक्षिप्त इशारा गेला पाहिजे. चार सुबक परिच्छेदांपेक्षा ‘पूर. आत्ता. उंच जागी जा.’ एवढे तीन तुकडे वेळेवर गेले तरी पुरे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी हे डोळ्यांत भरणार नाही, विक्रीलाही त्याचा उपयोग होणार नाही, आणि म्हणूनच खरेदी करणाऱ्या संस्थेने ते निविदेतच लिहून मागितले पाहिजे.

चुका तरीही होतील. मूळ इशारा चुकला की तुम्ही दुरुस्तीपत्रक काढता, त्याला क्रमांक देता, आधीचा इशारा रद्द झाल्याचे सांगता. भाषांतरातली चूक लक्षात आली की मात्र संकेतस्थळावरचा मजकूर निमूटपणे बदलला जातो, असा माझ्या व्यवसायातला सर्वसाधारण अनुभव आहे. ही पद्धत बंद व्हावी. ज्या भाषेत चूक झाली त्याच भाषेत, त्याच मार्गाने, तितक्याच लोकांपर्यंत दुरुस्ती जावी; कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीने मजकूर तयार केला, कोणी तपासला, किती वाजता पाठवला, याची नोंद राहावी; आणि चुकांची वार्षिक यादी सर्वांना पाहता यावी. चुकीचा इशारा वाचून माणसाने काही केले किंवा केले नाही, आणि त्यात त्याचे नुकसान झाले, तर दाद कोणाकडे मागायची याचे उत्तरही आधीच लिहून ठेवलेले असावे. ते उत्तर ‘भाषांतर कंपनीकडे’ असे असता कामा नये.

तुमच्या देशातला पुढचा वादळी हंगाम सुरू होण्याआधी तुमच्या संस्थेने एक पान प्रसिद्ध करावे, अशी माझी या पत्राद्वारे मागणी आहे. त्यावर प्रत्येक भाषेपुढे चार गोष्टी असाव्यात : त्या भाषेतले साचे कोणी आणि केव्हा पक्के केले, सविस्तर मजकूर यंत्र करते की माणूस, तो पाठवण्याआधी कोणत्या पदावरचा अधिकारी तपासून मंजूर करतो, आणि चूक आढळल्यास नागरिकांनी कोणत्या क्रमांकावर, त्यांच्याच भाषेत, कळवायचे. ज्या भाषेपुढे तिसरा रकाना रिकामा राहील तिच्यातली यांत्रिक सेवा तो भरेपर्यंत अधिकृत म्हणून चालू करू नये, आणि तसे त्या भाषेच्या लोकांना त्यांच्याच भाषेत सांगावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक भाषांतरकार